रस्त्यावरच्या मोटरसायकल शर्यतीचे फोटो: पार्श्वभूमी पुसायची की ठेवायची?

घाटवळण

मंडळी, यंदा मे अखेरीस आयल ऑफ मॅन बेटावर टीटी (टुरिस्ट ट्रॉफी) ही मोटरसायकल शर्यत बघायला जायचं पक्कं झालंय. मँचेस्टरला राहत असल्यामुळे हेशमहून बोटीने जाणं सोपं पडतं. आजवर फोटो काढले ते बंदिस्त सर्किटवरच, आणि तिथली पद्धत हाताला बसलेली आहे. शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास, गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा, म्हणजे गाडी स्पष्ट आणि मागचं सगळं आडव्या रेघांचं. साधं पॅनिंग.

टीटीसाठी मात्र ही पद्धत मला पटत नाही. ६०.७ किमीचा तो रस्ता वर्षभर लोकांच्या रोजच्या वापरातला. शर्यतीपुरता बंद करतात. दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, घरांची फाटकं, दिव्याचे खांब, बसथांबे, फुटपाथच्या कडा. रायडरचं डोकं भिंतीच्या अगदी जवळून जातं. पॅनिंग केलं की नेमकं हेच पुसलं जातं, आणि उरलेला फोटो चेन्नईचा की मॅन बेटावरचा ते सांगता येत नाही.

उलट शटर १/२००० वर नेलं तर भिंत दिसते, घर दिसतं, पण ताशी २९० किमीने जाणारी गाडी रस्त्यात उभी करून ठेवल्यासारखी वाटते.

माझं मत असं की सर्किटवर पार्श्वभूमी पुसणं योग्यच, कारण तिथे मागे असतात टायरचे ढीग आणि जाहिरातींचे फलक. रस्त्यावरच्या शर्यतीत ती पुसणं म्हणजे विषयच पुसणं. मग वेग दाखवायचा कसा? आणि त्यासाठी उभं कुठे राहायचं? ज्यांनी रस्त्याकडेला किंवा ट्रॅकच्या कडेला उभं राहून काम केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

सायलेन्सर

वाखू (वाचनखूण) साठवली. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

मद्रासी पुणेकर

घाटवळण, विषय आवडला, मत अर्धंच पटलं.

मी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धांचे फोटो काढतो. ३.७ किमीचा ट्रॅक, १९९० पासूनचा. तिथे शिकलो ती गोष्ट सांगतो: पॅनिंगमध्ये शटरइतकंच महत्त्व अंतराला आहे. तुम्ही म्हणता तो ताशी २९० किमी म्हणजे सेकंदाला ८० मीटर. रस्त्यापासून ४ मीटरवर उभे असाल तर गाडी समोरून जाते त्या क्षणी कॅमेरा सेकंदाला ११०० अंशांहून जास्त वेगाने फिरवावा लागेल. माणसाच्या कमरेला ते शक्य नाही. तीच गाडी ४० मीटरवरून पाहिली तर सेकंदाला ११५ अंश. हे जमतं, सरावाने नीट जमतं.

आता त्या ४० मीटरवरून २०० मिमी लेन्सने १/१२५ वर फोटो काढला, तर पार्श्वभूमी फ्रेमच्या रुंदीच्या साधारण अकराव्या हिश्श्याइतकी ओढली जाते. एवढ्यात घर घर राहत नाही. पण १/३२० केलं की ओढ निम्म्याहून कमी होते. मागची भिंत दगडी आहे, दार निळं आहे, कुंपणावर माणसं बसलीत, एवढं कळतं, आणि वेगही राहतो. मधला रस्ता आहे, फक्त तो १/१२५ आणि १/२००० यांच्या मधोमध नाही. १/२५० ते १/४०० या छोट्या पट्ट्यात आहे.

रस्सा मंडळ

अकरावा हिस्सा! भावा, तू फोटो काढतोस का जमिनीची वाटणी करतोस? :)

पण हिशेब लई भारी. सेव्ह केला.

मॅन्क्स मराठी

नमस्कार. मी मूळची चिपळूणची, नोकरीनिमित्त बरीच वर्षं मॅन बेटाच्या राजधानीत, डग्लसमध्ये आहे. घाटवळण, तुम्ही यूकेत राहता, म्हणजे वेगळा व्हिसा लागत नाही. राहायची सोय मात्र आधी करा, बोट त्यानंतर. टीटीच्या पंधरवड्यात इथे खोली मिळणं कठीण. बरेच जण तंबूत नाहीतर स्थानिकांच्या घरी राहतात.

जागांबद्दल सांगते. तुम्हाला भिंती, घरं आणि माणसं हवी असतील तर डोंगराचा भाग पहिल्या दिवशी सोडा. गावं धरा. ब्रे हिल ही डग्लसमधली सरळ वस्तीतली उताराची गल्ली. स्टार्टपासून लगेचच लागते. दोन्ही बाजूंना लोकांची घरं आणि तळाशी गाडीचं सस्पेन्शन पूर्ण दबतं. कर्क मायकलमध्ये गावाच्या मुख्य रस्त्यावरून गाड्या पूर्ण वेगात जातात. दुकानं, घरं, अरुंद रस्ता. बॅलॉ ब्रिजला कमानीच्या पुलावरून दोन्ही चाकं उचलली जातात. तिथे गर्दी फार, सकाळी लवकर जावं लागतं.

एक महत्त्वाचं. रस्ता बंद झाला की तुम्ही जिथे आहात तिथेच. रस्ता ओलांडणं हा गुन्हा आहे, नुसती सूचना नव्हे. शर्यत पुढे ढकलली, पाऊस आला, रेड फ्लॅग लागला, तरी रस्ता अधिकृतपणे उघडेपर्यंत पलीकडे जाता येत नाही. म्हणून आधी ठरवा की रस्त्याच्या कोणत्या बाजूला दिवस काढायचाय, तिथे शौचालय आहे का, आणि परतीची वाट बंद रस्त्याला न छेदता आहे का.

रस्सा मंडळ

म्हणजे भाकरी-खर्डा बांधूनच न्यायला पाहिजे.

मॅन्क्स मराठी

@रस्सा मंडळ, नक्की न्या. काही ठिकाणी चर्चच्या आवारात गावकरी चहा, केक आणि सँडविच विकतात, पैसे चर्चच्या कामाला जातात. पण डोंगरावर काहीच नाही. जूनमध्येही वर बोचरा वारा असतो. आणि धुकं उतरलं की सगळं थांबतं, कारण वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर शर्यत होत नाही. इथले लोक म्हणतात की मॅनानान हा समुद्रदेव बेटावर आपलं पांघरूण टाकतो.

जुना रोल

मी फिल्मच्या काळातला. चेन्नईजवळ शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या तेव्हा मी कॅमेरा घेऊन जायचो. रोलमध्ये छत्तीस फोटो. ऑटोफोकस नाही. त्यामुळे बोट शटरवर जाण्याआधी फोटो डोक्यात तयार असावा लागे.

आमची रीत अशी: सराव फेऱ्यांमध्ये रायडर नेमके कुठून जातात ते बघायचं. चांगले रायडर दर फेरीला वितीच्या फरकाने त्याच रेषेवरून जातात. रस्त्यावर एखादी खूण शोधायची, डांबराचं ठिगळ, पांढऱ्या पट्टीचा तुटका तुकडा. त्या खुणेवर फोकस करून रिंगला हात लावायचा नाही. गाडी खुणेवर येण्याच्या किंचित आधी शटर दाबायचं, कारण बोट दाबणं आणि पडदा उघडणं यांत वेळ जातोच.

हे आज का सांगतोय, तर घाटवळण यांना जे हवंय त्यात पार्श्वभूमी आधी ठरते, गाडी नंतर येते. सर्किटवरचा माणूस गाडीच्या मागे लागतो. रस्त्यावर चौकट आधी लावा. भिंत कुठे, खिडकी कुठे, दिव्याचा खांब रायडरच्या डोक्यातून तर उगवत नाही ना, हे गाडी येण्यापूर्वी बघून घ्या. टीटीमध्ये रायडर एकेक सुटतात, दहा-दहा सेकंदांच्या अंतराने, एकगठ्ठा नाही. ही तुमच्यासाठी मोठी सोय आहे. एक गेला, दहा सेकंदांत पुढचा त्याच रेषेवर येणार.

मद्रासी पुणेकर

@जुना रोल, प्रतिसादाला दंडवत. 'चौकट आधी' हे शंभर टक्के अनुमोदन.

एक भर घालतो. दोन्ही डोळे उघडे ठेवा. उजवा व्ह्यूफाइंडरला, डावा रस्त्यावर. लांब लेन्समधून बघताना गाडी फ्रेममध्ये येईपर्यंत दिसत नाही आणि आली की निघून गेलेली असते. आणि क्लिक झाल्यावर कॅमेरा लगेच थांबवू नका. क्रिकेटमधल्या फॉलो थ्रूसारखा तो पुढे वाहू द्या, नाहीतर नेमका क्लिकच्या क्षणी हात अडखळतो.

नीलपंख

मिररलेस कॅमेरा वापरणाऱ्यांसाठी. आवाज नसलेला इलेक्ट्रॉनिक शटर लावून पॅनिंग केलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत मागचे खांब आणि घरं तिरकी होतात, चाकं अंडाकृती दिसतात. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे वरची ओळ आणि खालची ओळ यांत गाडी आणि खांब दोन्ही सरकलेले असतात. ज्यांच्याकडे वेगाने वाचणारा स्टॅक्ड सेन्सर आहे त्यांना हा त्रास फार कमी. बाकीच्यांनी सरळ मेकॅनिकल शटर वापरावा. घरं दाखवायची असतील तर हे अधिकच महत्त्वाचं. सर्किटवरची तिरकी जाहिरात खपून जाते, तिरकं घर लगेच डोळ्यांत खुपतं.

सायलेन्सर

एक शंका. भर उन्हात १/६० वगैरे कसं जमतं? फोटो पांढराफटक होत नाही का?

नीलपंख

@सायलेन्सर, होतो. कडक उन्हात आयएसओ १०० ला १/१०० साठी एफ/१६ लागतं. १/६० ला त्याहून जास्त बंद करावं लागेल, आणि इतकं लहान छिद्र केलं की फोटोची धार जाते, शिवाय सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण ठिपका म्हणून दिसतो. तीन स्टॉपचा, म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारा, एनडी फिल्टर (काळसर काच) लावायचा. पोलरायझर असेल तर तोही दीड-दोन स्टॉप खातो आणि हेल्मेटच्या काचेवरची चमकही कमी करतो.

मद्रासी पुणेकर

उन्हाचा विषय निघालाच आहे तर चेन्नईकडच्या मंडळींसाठी. दुपारी बारानंतर डांबरावरून उठणारी गरम हवा लांब लेन्सच्या फोटोंचा सत्यानाश करते. गाडी दूर असताना फोकस कितीही अचूक असो, चेहरा पाण्याखालून पाहिल्यासारखा येतो. लेन्स बदलून काहीच होत नाही. उपाय एकच: अंतर कमी करा किंवा सकाळी काम उरका.

पिट वॉल

बुद्ध सर्किटला २०२३ मध्ये मोटोजीपी झाली तेव्हा मी पुण्याहून गेलो होतो. सप्टेंबरची उष्णता अशी की मुख्य शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ कराव्या लागल्या. बेझेकी जिंकला. शर्यत अप्रतिम, पण स्टँड ट्रॅकपासून इतके दूर की फोटोत गाडीपेक्षा डांबरच जास्त. मध्ये जाळी. जाळीतून काढायचं असेल तर लेन्स जाळीला जवळजवळ टेकवायची, अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, आणि जाळीवर ऊन पडत नाही अशी जागा शोधायची. उन्हात चमकणारी तार काही केल्या जात नाही.

टीटीची मजा हीच ना, की साधा प्रेक्षकही एखाद्याच्या बागेच्या कुंपणामागे बसून छायाचित्रकाराइतकाच जवळ असतो?

मॅन्क्स मराठी

@पिट वॉल, होय, आणि म्हणूनच जबाबदारीही जास्त. प्रतिबंधित जागांवर लाल पाट्या असतात. त्या कोणाच्या मर्जीने लावलेल्या नाहीत. गाडी सुटली तर कुठे जाईल याचा विचार करून लावल्या आहेत. भिंतीवर बसून पाय रस्त्याच्या बाजूला सोडायचे नाहीत. फ्लॅश मुळीच नाही. ड्रोन नाही. मार्शल (रस्त्याकडेला सुरक्षा पाहणारे) 'उठा' म्हणाले की उठायचं. ते सगळे स्वयंसेवक आहेत. बाहेरून आलेल्यांनाही प्रशिक्षण घेऊन मार्शल होता येतं आणि त्यांची गरज कायम असते. मीही केलंय ते काम.

काळी पाटी

आता कोणीतरी अवघड प्रश्न विचारायलाच हवा. १९११ पासून त्या डोंगरी मार्गावर २६० हून अधिक रायडरांचा जीव गेला आहे. तिथे कॅमेरा घेऊन उभं राहणाऱ्याने समोर अपघात झाला तर काय करायचं? माझं मत, काढायचा. युद्धाचे फोटो काढतातच ना. नुसते विजयाचे फोटो दाखवणं हा अर्धा इतिहास झाला.

पिट वॉल

@काळी पाटी, असहमत. युद्धाचा फोटो जगाला काहीतरी थांबवायला सांगतो. इथे रायडर स्वतःच्या इच्छेने उतरलाय, त्याची बायको-मुलं पॅडॉकमध्ये (संघांच्या तळावर) बसलेली आहेत, आणि तुमचा फोटो दहा मिनिटांत त्यांच्या फोनवर पोचतो.

काळी पाटी

लगेच टाका असं मी म्हटलं नाही. काढणं आणि टाकणं वेगळं.

मॅन्क्स मराठी

यावर मला थोडं लिहायचंय, कारण मी परिचारिका आहे.

अपघात झाला की पहिल्या मिनिटांत मार्शलना जागा हवी असते, मोकळी नजर हवी असते. कॅमेरे वर आले की माणसं पुढे सरकतात. आणि इथे पाळला जाणारा संकेत आहे की कुटुंबाला कळवून झाल्यावर, आयोजकांनी जाहीर केल्यावरच नाव घ्यायचं. त्याआधी क्रमांक, हेल्मेटचा रंग, गाडीचा तुकडा, काहीही दिसेल असा फोटो टाकायचा नाही. रायडरचं हेल्मेट इथल्या शाळकरी मुलांनाही ओळखू येतं.

काळी पाटी, काढणं आणि टाकणं वेगळं हे मान्य. पण अधिकृत तपासासाठी तुमचा फोटो उपयोगी पडेल असं वाटलं तर तो आयोजकांकडे द्या, दुसरीकडे कुठेही नको. त्या क्षणी माझ्या मते कॅमेरा खाली ठेवलेला बरा.

काळी पाटी

अपघाताच्या जागेवरच्या गर्दीचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तो मान्य. फोटो इतिहासासाठी जपावा या मतावर मात्र ठाम आहे.

रस्सा मंडळ

आमच्या कोल्हापुरात गाडीचा नाद म्हणजे काय ते सांगायला नको. लहानपणी वडिलांच्या गॅरेजात जोई डनलॉपचा फोटो चिकटवलेला होता, कुठल्यातरी मासिकातून कापलेला. घाटवळण, त्याच्या टीटीतल्या २६ विजयांचा विक्रम त्याचाच पुतण्या मायकल डनलॉपने २०२४ मध्ये मोडला. जोईचा पुतळा डोंगरावर बंगलो नावाच्या जागेजवळ आहे म्हणतात, होंडावर बसलेला. तिथं जाऊन आमच्या वतीनं हात जोडा.

मॅन्क्स मराठी

@रस्सा मंडळ, आहे, आणि फार सुंदर आहे. तिथून बंगलोचं वळण दिसतं. डोंगरी रेल्वेचे रूळ तिथेच रस्ता ओलांडतात.

अदिती के

धागा फोटोवरून डनलॉपवर गेला, म्हणून मूळ प्रश्नाकडे येते. मी शर्यतींचे नाही, रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढते. वारीत, बाजारात.

सगळेजण कॅमेरा फिरवण्याबद्दल बोलताय. न फिरवता बघा. कॅमेरा भिंतीवर किंवा मोनोपॉडवर घट्ट ठेवा, रुंद लेन्स, शटर १/३०. गाव, खिडक्या, कुंपणावर बसलेले आजी-आजोबा, थर्मास, सगळं स्वच्छ येईल. त्यातून गाडी जाईल ती रंगाचा एक फराटा होऊन. वेग दिसतोच, आणि तो कोणाच्या दारातून गेला तेही दिसतं. वारीत मी असंच करते. थांबलेली एक बाई स्पष्ट आणि तिच्याभोवती वाहणारी दिंडी. घाटवळण यांची अडचण मला अशी वाटते की ते गाडीलाच स्पष्ट ठेवण्याचा हट्ट सोडत नाहीत.

जुना रोल

अदिती, उत्तम. यात एकच धोका. फराटा पार ओळख न पटण्याइतका लांबला तर मोटरसायकल आहे की बस, कळत नाही. गाडी तुमच्यापासून लांब जात असताना किंवा तिरकी येत असताना काढलं तर फ्रेममधली तिची सरक कमी होते आणि रायडरचा वाकलेला आकार शिल्लक राहतो. १/६० पासून सुरुवात करून खाली या.

मद्रासी पुणेकर

हे मला सुचलं नसतं. चेन्नईत पुढच्या फेरीला सी वनच्या (पहिल्या वळणाच्या) बाहेरच्या बाजूने मार्शलना पुढे धरून करून बघणार. पिवळा झेंडा धरलेला मार्शल स्थिर आणि मागून गाड्यांचा पट्टा.

घाटवळण

सगळ्यांचे मनापासून आभार. अदिती, तुमचं बरोबर आहे. गाडी स्पष्ट हवी हे मी गृहीतच धरलं होतं, आणि प्रश्न तिथेच अडकत होता.

आता ठरवलंय ते असं. पहिला आठवडा सरावाचा आणि पात्रता फेऱ्यांचा, बहुतेक संध्याकाळी. तेव्हा कर्क मायकलला एक संध्याकाळ फक्त स्थिर कॅमेऱ्याने, १/६० ते १/३०. दुसरी ब्रे हिलच्या तळाशी १/३२० च्या पॅनिंगने, मद्रासी पुणेकर म्हणतात त्या पट्ट्यात. क्रेग-नी-बा या वळणाला एकदा लांब लेन्स, कारण केट्स कॉटेजकडून उताराने रायडर समोर येतात आणि मागचा डोंगर फ्रेममध्ये जवळ ओढला जातो. तिथे १/१००० चाललं तरी हरकत नाही, कारण डोंगर आणि रस्ता हाच फोटो. मोठ्या सिनियर शर्यतीला सहा फेऱ्या, एकेक फेरी सतरा-अठरा मिनिटांची, तेव्हा एकच चौकट लावून प्रत्येक फेरीला शटर बदलत जाईन.

@मॅन्क्स मराठी, क्रेगला संध्याकाळचं ऊन कसं पडतं?

मॅन्क्स मराठी

उतरताना रायडर साधारण दक्षिणेकडे येतात, म्हणजे मावळतीचं ऊन त्यांच्या उजव्या अंगावर. जूनच्या सुरुवातीला सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे पात्रता फेऱ्यांना तिरपं पिवळं ऊन भरपूर मिळतं. तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात यावर रायडर उजळलेला दिसेल की नुसती कड चमकेल ते ठरेल. दोन्ही बाजू एका संध्याकाळी मिळणार नाहीत, रस्ता ओलांडता येत नाही हे विसरू नका. आणि हेलिकॉप्टर ऐकू आलं की कॅमेरा उचला. चित्रीकरणाचं हेलिकॉप्टर आघाडीच्या रायडरांबरोबर उडतं, गाडीच्या आधी ते कळतं.

सायलेन्सर

परत आल्यावर फोटो इथेच टाका, शटरच्या आकड्यांसकट. स्थिर कॅमेऱ्याचे आधी.

नीलपंख

घाटवळण, त्या स्थिर फोटोंसाठी लेन्समधलं स्टॅबिलायझेशन मोनोपॉडवर असताना एकदा चालू आणि एकदा बंद करून घरीच तपासून ठेवा. काही लेन्स टेकूवर ठेवल्यावर स्वतःच थरथरतात. आणि कर्क मायकलला एनडी फिल्टर खिशात असू द्या. संध्याकाळी सातला तिथे अजून चांगलं ऊन असतं.